लोहगडच्या इंग्रजी पुस्तिकेच्या नोंदी : लेणी चालत येतात, मधमाश्या सिगारेट ओढतात

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात लोहगड आहे. तेव्हापासून गडावर बिगरमराठी पाहुणे दिसायला लागलेत आणि आमच्या गटाकडे द्यायला आहे ती फक्त मराठी माहितीपुस्तिका. ती इंग्रजीत करायचं ठरलं. चोवीस पानं, पाचशे प्रती, दिवाळीनंतरच्या गर्दीच्या आत. तिघांनी मजकूर वाटून घेतला आणि भाषा तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवते.

आज पहिला भाग हातात पडला. स्पेलिंग नीट, काळ नीट. भाची शेजारी बसून मोठ्याने वाचत होती आणि पहिल्याच पानावर थांबली. "मावशी, लेणी चालत येतात का गं?"

वाक्य असं होतं : "वॉकिंग फ्रॉम मळवली, भाजे केव्ह्ज कम फर्स्ट." मराठीत मूळ वाक्य : "मळवलीहून चालत येताना आधी भाजे लेणी लागतात." मराठीत काही बिघडलेलं नाही. इंग्रजीत मात्र आयएनजीच्या तुकड्यानंतर ("वॉकिंग"सारखं आयएनजी लागलेलं क्रियापद आणि त्याच्यासोबतचे शब्द) स्वल्पविराम आला की वाचणारा लगेच पुढचा कर्ता धरतो आणि म्हणतो, हाच चालतोय. पुढे लेणी आहेत, म्हणजे लेणीच निघाली मळवलीहून.

त्याच पानावर दुसरं : "टायर्ड फ्रॉम द क्लाइंब, लेमन शरबत इज अव्हेलेबल." दमलेलं सरबत. हसलो खूप, पण हे काम वरवरचं नाही हे कळलं.

२० सप्टेंबर, शनिवार

ज्याने पहिला भाग लिहिला तो नाराज आहे. त्याचं म्हणणं, "ताई, सगळी प्रवासवर्णनं असंच लिहितात." अर्धं बरोबर आहे. मराठीत गडाची वाट सांगणारा चालणाऱ्याचं नावच घेत नाही. टाकं लागतं, दरवाजा येतो, धरण दिसतं, चहा मिळतो. चालतो कोण, दमतो कोण, हे वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. इंग्रजीत पार्टिसिपलला, म्हणजे "वॉकिंग", "टायर्ड" अशा रूपाला, सहसा स्वतःचा कर्ता नसतो. तो पुढच्या वाक्यातला उसना घेतो. तिथे माणूसच ठेवलेला नसेल तर हाताला येईल ते चिकटतं.

म्हणून आज व्याकरणाची पुस्तकं बाजूला ठेवून एक तक्ता केला. तीन रकाने : तुकड्यातलं काम कोण करतंय, स्वल्पविरामानंतर कोण आहे, दोन्ही एकच का. पहिल्या भागातली सगळी वाक्यं त्यात घातली. जवळजवळ प्रत्येक पानावर "नाही" आलं.

दुरुस्तीचे दोन मार्ग सापडले आणि पुढेही तेच वापरले. एक, मुख्य वाक्यात माणूस आणायचा : "वॉकिंग फ्रॉम मळवली, यू फर्स्ट रीच द भाजे केव्ह्ज." दोन, तुकडा मोडून त्याला स्वतःचा कर्ता द्यायचा : "अॅज यू वॉक फ्रॉम मळवली, द भाजे केव्ह्ज कम फर्स्ट." दुसरा मार्ग थोडा लांब आहे, पण लेणी वाक्याच्या मध्यभागी ठेवायची असतील तर तोच बरा.

"यू" वरून मात्र वाद झाला. गटातले ज्येष्ठ म्हणाले, माहितीपुस्तिकेत "तुम्ही, तुम्ही" बरं दिसत नाही, आमंत्रणपत्रिका आहे का ती? मग त्यांनी "वन" सुचवलं. "वन रीचेस" चं पान वाचून दाखवलं तेव्हा त्यांनीच हात जोडले. "यू" राहिलं.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुसरा भाग, इतिहासाचा. इथे आयएनजी कमी, ईडी ("सीडेड"सारखी, काम झालेलं दाखवणारी रूपं) जास्त. आणि इथेच मोठी गफलत होती, जी हसून सोडता येत नाही.

"सीडेड टू द मुघल्स इन १६६५, द मराठाज रीटुक लोहगड इन १६७०."

पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मोगलांना दिले, त्यात लोहगड होता. १६७० मध्ये तो परत घेतला. वरच्या वाक्याप्रमाणे मोगलांना दिले गेले ते मराठे. परदेशी पाहुण्याला तहाची माहिती नसेल तर तो हे खरंच मानेल, कारण माणसंही तहात दिली जातात. सरबत दमत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मराठे दिले गेले नव्हते हे ठाऊक असायलाच हवं असं नाही. चूक दिसते ती विनोदी ठिकाणी, आणि लपते ती जिथे चुकीचा अर्थही पटण्यासारखा असतो तिथे. तेव्हापासून तक्त्यात चौथा रकाना घातला : चुकीचा अर्थ खरा वाटेल का? ज्यांना "हो" आलं ती वाक्यं आधी दुरुस्त केली.

याची दुरुस्ती : "सीडेड टू द मुघल्स इन १६६५, लोहगड वॉज रीटेकन बाय द मराठाज इन १६७०." इथे कर्मणी प्रयोग मुद्दाम ठेवला. शाळेत आपण मुलांना पॅसिव्ह टाळा म्हणून सांगतो, पण तुकडा किल्ल्याबद्दल असेल तर किल्ल्यालाच पुढे बसवावं लागतं. मराठे पुढे हवे असतील तर तुकडा बदलायचा : "हॅविंग सीडेड लोहगड इन १६६५, द मराठाज रीटुक इट इन १६७०." दोन्ही चालतात. परिच्छेद किल्ल्याचा होता म्हणून पहिलं घेतलं.

५ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याची सुट्टी यातच गेली. एका वाक्यात अख्खी सकाळ घालवली : "तिकीट काढून गणेश दरवाजातून आत जा."

मसुद्यात होतं "टेकिंग द तिकीट, एंटर थ्रू गणेश दरवाजा." कर्ता एकच आहे, तक्त्याप्रमाणे पास. तरी कानाला खटकतं. कारण आपला "ऊन" बहुधा आधीचं काम सांगतो : काढून, जाऊन, खाऊन. इंग्रजी आयएनजी मुळात एकाच वेळी चाललेलं काम दाखवतो. एकामागून एक लगेच घडणाऱ्या गोष्टींना तो खपतो, "ओपनिंग द गेट, ही स्टेप्ड इन" ठीक आहे. पण तिकीट खिडकीवर काढायचं आणि दरवाजा पुढे आहे, म्हणजे मध्ये चालणं आलं. तिथे "हॅविंग बॉट" हवं, किंवा "आफ्टर बाइंग".

आणि खरं सांगायचं तर दोन्हीची गरज नव्हती. "बाय युअर तिकीट अँड गो इन थ्रू गणेश दरवाजा." आपल्या "ऊन"चं सर्वांत बरं इंग्रजी बहुतेक वेळा "अँड" हेच असतं. सूचनांच्या पानावरचे असे सगळे तुकडे काढून टाकले, पान निम्मं झालं आणि चांगलं झालं.

१२ ऑक्टोबर, रविवार

गटातल्या मुलांसाठी सोपी खूण शोधत होते, कारण तक्ता भरायला कुणी तयार नाही. ही चालते आहे : इंग्रजी तुकडा परत मराठीत आणा. "ऊन" लावून वाक्य बसलं तर बहुधा ठीक. "ताना" किंवा "ल्यावर" लावूनच बसत असेल तर थांबा आणि कर्ता बघा. "मी गड चढून दमले" यात चढणारी आणि दमणारी एकच. "मी गड चढताना पाऊस आला" यात दोन वेगळे, मराठीला चालतं, इंग्रजी तुकड्याला चालत नाही.

पण खुणेला भोकं आहेत. कारण सांगताना "ऊन"सुद्धा दोन कर्ते घेतो : "पाऊस पडून पायऱ्या निसरड्या होतात." कुणीतरी त्याचं "रेनिंग, द स्टेप्स बिकम स्लिपरी" करून ठेवलं होतं. "व्हेन इट रेन्स" हवं. दुसरं भोक "मला"चं : "हे ऐकून मला आनंद झाला" यात ऐकणारी मीच, पण व्याकरणात कर्ता आनंद. शब्दशः गेलं की "हिअरिंग धिस, जॉय केम टू मी", म्हणजे आनंदानेच ऐकलं. गडाच्या पुस्तिकेत हा प्रकार "उभं राहून पाहिलं की छाती दडपते" अशा ठिकाणी सापडला. तिथे "यू" आणून सोडवलं.

मधमाश्यांच्या सूचनेला स्वतंत्र नोंद हवी. कड्यांवर पोळी असतात आणि ही सूचना चुकली तर माणूस मरू शकतो. मसुदा : "व्हाइल स्मोकिंग ऑर मेकिंग नॉइज, बीज मे अटॅक." मधमाश्या सिगारेट ओढतायत. माझी पहिली दुरुस्ती होती "व्हाइल यू आर स्मोकिंग, बीज मे अटॅक." व्याकरण सुधारलं, पण सूचना तशीच लंगडी राहिली. काय करू नये ते आधी यायला हवं. शेवटी : "डू नॉट स्मोक, लाइट फायर्स ऑर शाउट निअर द क्लिफ्स. व्हेन डिस्टर्ब्ड, बीज अटॅक." दुसऱ्या वाक्यात "डिस्टर्ब्ड" मधमाश्यांचंच आहे आणि पुढे मधमाश्याच आहेत. तुकडा असा बसला की वाक्य छोटं होतं आणि धारदारही होतं. पार्टिसिपल सरसकट उडवू नयेत, ते यासाठी.

१ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळीत काम बंद. आज पुन्हा बसलो.

मधल्या काळात गटाने भाषा तपासणारं एक ॲप महिनाभरासाठी घेतलं, नऊशे रुपये. त्याने स्वल्पविराम आणि "द" छान पकडले. पण "बीइंग अ प्रोटेक्टेड मॉन्युमेंट, यू कॅनॉट कॅम्प हिअर" याला हिरवी खूण. वाक्यरचना धडधाकट आहे, अर्थ मात्र असा की पाहुणाच संरक्षित स्मारक आहे. लोहगड पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि मुक्काम करता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. "सिन्स लोहगड इज अ प्रोटेक्टेड मॉन्युमेंट, कॅम्पिंग इज नॉट अलाउड." मराठी माणसाच्या इंग्रजीत सुरुवातीचं "बीइंग" हे सर्वांत जास्त फसवणारं पाखरू आहे. "बीइंग संडे, देअर इज अ क्राउड" हेही त्याचंच भावंड. रविवार असल्याचं सांगायचं तर "इट बीइंग संडे" किंवा सरळ "ऑन संडेज". आता मी फाइलमध्ये "बीइंग" शोधते आणि वाक्याच्या सुरुवातीला दिसलं की न वाचताच "सिन्स" लावून बघते.

दुसरीकडे एक उलटा घोळ झाला. तिसऱ्या भागाच्या मुलाने नियम इतका मनावर घेतला की "डिपेंडिंग ऑन द सीझन, द टँक मे बी ड्राय" आणि "कन्सिडरिंग द हाइट, द क्लाइंब इज ईझी" ही वाक्यंसुद्धा तोडून टाकली. विचारलं तर म्हणतो, "ताई, टाकं डिपेंड कसं करेल?" बरोबर विचारलं त्याने, पण डिपेंडिंग, कन्सिडरिंग, रिगार्डिंग, जनरली स्पीकिंग ही मंडळी आता शब्दयोगी अव्ययांसारखी वापरली जातात, त्यांना कर्ता विचारायचा नसतो. परत जोडली. त्याने हेही खोडलं होतं : "इट रेन्स हेव्हिली इन जुलाय, मेकिंग द स्टेप्स स्लिपरी." शेवटी येणारा हा तुकडा आधीच्या सगळ्या वाक्याचा परिणाम सांगतो. नियमाचा काटेकोर माणूस याला नाकं मुरडेल, पण रोजच्या चांगल्या इंग्रजीत तो सर्रास आहे आणि अर्थात गोंधळ नाही. ठेवला. जोडाजोडीत शनिवार संपला.

९ नोव्हेंबर, रविवार

छापखान्यातून प्रूफ आलं. रंगीत, साडेतीनशे रुपये. हाती घेतलं आणि पाच मिनिटांत परत द्यावं लागलं.

मी फाइलमध्ये शोध घेतला होता तो वाक्याच्या सुरुवातीच्या आयएनजीचा. मध्ये दडलेले तुकडे सुटले. "द टँक निअर द टेंपल बिल्ट बाय नाना फडणवीस." नानांनी काय बांधलं, टाकं की देऊळ? टाकं. पण इंग्रजीत तुकडा शेजारच्या नामाला चिकटतो आणि शेजारी देऊळ आहे. आपण "देवळाजवळचं नाना फडणवीसांनी बांधलेलं टाकं" म्हणतो तेव्हा "बांधलेलं"चं रूपच सांगून टाकतं की टाक्याबद्दल बोलतोय, देवळाबद्दल असतं तर "बांधलेल्या" झालं असतं. इंग्रजी ईडीचं रूप असं बदलत नाही, त्यामुळे जागेवरच सगळं. "द टँक बिल्ट बाय नाना फडणवीस, निअर द टेंपल."

दुसरा सुटलेला प्रकार स्वल्पविरामाचा. "व्हिजिटर्स, कॅरिइंग प्लास्टिक, मस्ट रजिस्टर अॅट द गेट." दोन स्वल्पविरामांमुळे अर्थ झाला की आलेला प्रत्येक पाहुणा प्लास्टिक घेऊनच येतो. स्वल्पविराम काढले की फक्त प्लास्टिकवाले उरतात. मराठीत "प्लास्टिक आणणाऱ्या पाहुण्यांनी" असं विशेषण आधी येतं, स्वल्पविरामाचा प्रश्नच येत नाही, म्हणून आपल्याला तो लक्षात राहत नाही.

पुन्हा सगळी पानं कागदावर, पेन्सिल घेऊन. प्रत्येक आयएनजी आणि ईडीखाली रेघ आणि तो ज्याचा आहे त्या नामापर्यंत बाण. बाण दुसऱ्या नामावरून उडी मारून जात असेल तर वाक्य हलवायचं. हे संगणकावर करण्यापेक्षा कागदावर पटकन होतं. पुन्हा कुणी असं काम घेतलं तर बाण पहिल्या दिवशी काढा, प्रूफचे पैसे वाचतील.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचं पान, आपत्कालीन सूचना. इथे आज्ञार्थ आहे आणि तिथे "यू" न लिहिताही असतो, म्हणून पार्टिसिपल बसतो : "इफ बिटन बाय अ स्नेक, स्टे स्टिल अँड कॉल १०८." चावलेला आणि फोन करणारा एकच.

पण लगेच पुढची ओळ : "आफ्टर बीइंग बिटन, कीप द पेशंट काम." इथे न लिहिलेला "यू" मदतनीस आहे. वाक्याप्रमाणे साप मदतनीसाला चावलाय आणि तोच पेशंटला धीर देतोय. दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळे मथळे दिले : स्वतःला चावला तर, सोबत्याला चावला तर. दुसऱ्याखाली "कीप द पर्सन काम अँड स्टिल. कॅरी देम डाउन. डू नॉट लेट देम वॉक." तुकडा एकही नाही, असं पान घाबरलेला माणूस वाचेल.

नारायण दरवाजाजवळच्या भुयाराचं वाक्य मात्र अजून मनासारखं नाही. "पासिंग नारायण दरवाजा, अ सेलर वन्स यूज्ड फॉर स्टोरिंग राइस अँड नाचणी इज सीन" होतं. त्याचं "जस्ट पास्ट नारायण दरवाजा इज अ सेलर वन्स यूज्ड टू स्टोर राइस अँड नाचणी" केलं. बरोबर आहे, उलटा क्रम इंग्रजीला चालतो. "यूज्ड" भुयाराला नीट चिकटलाय. तरी ज्येष्ठांना ते कवितेसारखं वाटतं. वाद उद्यावर.

२२ नोव्हेंबर, शनिवार

फाइल छापखान्यात गेली. भुयाराचं वाक्य उलट्या क्रमातच ठेवलं, ज्येष्ठांनी एका अटीवर मान्य केलं : मराठी पुस्तिकेची पुढची आवृत्तीही मीच तपासायची. पाचशे प्रतींचा खर्च, ॲप आणि वाया गेलेलं प्रूफ धरून, ठरवलेल्या रकमेच्या थोडा वर गेला. तो प्रवेशाजवळच्या दुकानदारांनी उचलला, मलपृष्ठावर त्यांची जाहिरात आहे. जाहिरातीचा मजकूर त्यांनीच दिलाय आणि त्यात "आफ्टर ट्रेकिंग, अवर भजी विल रिफ्रेश यू" आहे. भजी ट्रेक करून आली. दुकानदार म्हणतात, बदलू नका ताई, लोक हसतात आणि थांबतात.